दोन साडूंचा प्रोपेलर

मानवजातीच्या इतिहासात आकाशाने ज्यांना ज्यांना हाक मारली, त्यांपैकी एकानेही मागे वळून पाहिलेलं नाही. डॉक्टरांना ही हाक आली तेव्हा ते एका गृहस्थांची अक्कलदाढ उपटत होते. दाढ हट्टी होती, गृहस्थ खुर्चीचे हात सोडायला तयार नव्हते. त्यामुळे डॉक्टरांनी आकाशाला शनिवारी सकाळची वेळ दिली.

पुढे आकाशाचा आणि त्यांचा संबंध शनिवारपुरताच राहिला. सहा वर्षं खपून त्यांनी एक विमान जुळवलं. दोन माणसांचं, आणि वजनाने एका धष्टपुष्ट म्हशीपेक्षाही हलकं. पण ते त्यांच्या एकट्याचं नव्हतं. अर्धं विमान मास्तरांचं होतं, आणि विमान उडवायचा परवाना दोघांनीही काढला होता. मास्तर म्हणजे डॉक्टरांचे साडू. त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मास्तरांची मोटार ड्रायव्हिंगची शाळा होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आयुष्य काढल्यामुळे देह ऐसपैस झाला होता आणि देवावरची श्रद्धाही वाढली होती.

साडू हे नातंच असं आहे, की त्यात कोणाचाच दोष नसतो. भाऊ आईबापांनी दिलेला असतो, मेव्हणा बायकोबरोबर आपोआप येतो. साडू मात्र तिसऱ्याच कोणाच्या तरी पसंतीचा असतो, आणि त्याच्याशी आपण आयुष्यभर हसून बोलायचं असतं. हे दोघे हसून बोलत होते. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

इंजिन निवडतानाच ठिणगी पडायची, पण निभावलं. मास्तरांचं म्हणणं, गाडीचं इंजिन घ्यावं आणि त्यात फेरफार करून विमानाला बसवावं. गाडीचं इंजिन त्यांना आवाजावरून कळतं. बंद पडलं तर ते भररस्त्यात उघडून चालू करतात. डॉक्टरांनी विचारलं, की वर रस्ता कुठे आहे. डॉक्टरांनी वर्षभर वाचन केलं होतं आणि त्यांना आता इंजिनांबद्दल इतकं माहीत झालं होतं, की कुठलंच घ्यावंसं वाटत नव्हतं. हलकं घ्यावं तर ते लवकर झिजतं, टिकाऊ घ्यावं तर ते जड असतं, आणि जड इंजिनाला जास्त ताकद लागते ती स्वतःलाच उचलायला. सरकारी खात्यासारखं. शेवटी दोघी बहिणींनी फोनवर बोलून निकाल दिला, की जे मध्येच बंद पडणार नाही ते घ्या. हा मुद्दा दोघांच्याही टिपणांत नव्हता. त्यांनी खास विमानांसाठी बनवलेलं चार सिलिंडरचं इंजिन घेतलं. ते आजतागायत एकदाही बंद पडलेलं नाही, आणि या गोष्टीत त्याचा एवढाच संबंध आहे.

गोष्ट आहे ती प्रोपेलरची.

त्यांच्या प्रोपेलरला तीन पाती होती, आणि मधल्या गोल हबमध्ये ती हव्या त्या कोनात बसवता येत. मात्र जमिनीवरच. पान्याने बोल्ट सैल करायचे, पाती फिरवायची, कोनमापक लावून बघायचं, पुन्हा आवळायचं. एकदा उडालं की जे आहे ते आहे, संसारासारखं. पातं आडवं ठेवलं तर ते हवेचा पातळ काप काढतं, इंजिन मोकळेपणाने फिरतं, विमान झरझर चढतं. पण वर गेल्यावर नुसता आवाज, वेग नाही. पातं उभं केलं तर ते हवेचा मोठा घास घेतं, वर वेग उत्तम मिळतो. पण उडताना इंजिनाला तो घास गिळवत नाही आणि विमान जमीन सोडता सोडत नाही.

मास्तरांनी हे एका वाक्यात सांगितलं. आडवं पातं म्हणजे पहिला गिअर, उभं पातं म्हणजे चौथा.

“आणि पहिल्या गिअरमध्ये कोणी गावाला जातं का, डॉक्टर?”

“चौथ्या गिअरमध्ये गाडी फाटकाबाहेर तरी निघते का, मास्तर?” डॉक्टर म्हणाले.

फाटक म्हणजे निलगिरीची झाडं. फ्लाइंग क्लबची धावपट्टी जिथे संपे, तिथे आडव्या रांगेत उंच निलगिऱ्या उभ्या होत्या. वारा नेहमी त्याच बाजूने येई, आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडवायचं असतं. म्हणजे उडताना ती झाडं दर वेळी समोर. डॉक्टरांना त्या झाडांची भीती वाटत होती. हे ते कोणालाच सांगत नसत. ते त्याला ‘चढणक्षमता’ म्हणत. मास्तरांना वेग हवा होता. का हवा होता, हे त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. ते त्याला ‘व्यवहार’ म्हणत.

क्लबमध्ये तीन पात्यांऐवजी दोनच असती तर बरं झालं असतं इथपासून ते लाकडाची घेतली असती तर काय मजा होती इथपर्यंत सगळे सल्ले मिळाले. ज्यांच्याकडे विमान नव्हतं त्यांचे सल्ले जास्त ठाम होते. अखेर दोघा साडूंनी प्रोपेलरच्या कंपनीने सांगितलेला मधला कोन लावला, हस्तांदोलन केलं आणि चहा घेतला. चहा संपेपर्यंत दोघांनाही आपण फसवले गेलो असं वाटू लागलं होतं.

इथे डॉक्टरांच्या बायकोचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यासाठी चाललं होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. तिने सहा वर्षं विमानाला विरोध केला नाही. ती फक्त त्यात बसत नव्हती. जमिनीवर आपलं काय वाईट चाललंय, एवढंच ती विचारी. डॉक्टरांनी मात्र हे विमान जुळवताना उजव्या सीटवर दुसरं कोणी कल्पिलंच नव्हतं. त्या सीटचं कापड त्यांनी तिच्या आवडीच्या जांभळ्या रंगाचं शिवून घेतलं. आता त्या जांभळ्या कापडावर दर शनिवारी मास्तर बसत. त्यांच्या खाली ते कापड कसं ताणलं जाई हे डॉक्टर बघत राहत.

मग एका रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, की मास्तरांना शेजारी बसवून तुम्ही ती झाडं आरामात ओलांडताना मला दिसलात, की मी बसेन. “आरामात,” ती पुन्हा म्हणाली. “घासून नव्हे.”

डॉक्टर त्या रात्री झोपले नाहीत. बुधवारी दुपारी दवाखाना बंद असतो. त्या बुधवारी ते एकटेच हँगरवर गेले आणि त्यांनी पाती अर्धा अंश आडवी केली. अर्ध्या अंशाने कोणाचं काय जातं, असं त्यांनी स्वतःला विचारलं. दवाखान्यात अर्ध्या मिलिमीटरवरून सहाय्यकाला फैलावर घेणारा माणूस हाच.

शनिवारी दोघींना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी पूर्ण थ्रॉटल दिला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अपेक्षेपेक्षा खालीच घुटमळला, विमान रेंगाळत उठलं आणि झाडांवरून गेलं ते एखाद्याने पडवीत झोपलेल्या सासऱ्यांना ओलांडावं तसं. खाली उतरल्यावर बायको म्हणाली, “हे आरामात नव्हतं.”

बुधवारी डॉक्टरांनी कोनमापक लावला आणि ते चक्रावले. पाती त्यांनी ठेवली होती त्यापेक्षा उभी झाली होती. मधल्या कोनापेक्षाही उभी. म्हणजे हब सरकतोय. डॉक्टर शास्त्रशुद्ध विचार करणारे गृहस्थ होते. सरकणारच असेल तर आधीच जास्त आडवी ठेवलेली बरी, असा त्यांनी हिशेब केला आणि पूर्ण अंशभर आडवी केली. शनिवारपर्यंत ती पहिल्यापेक्षा उभी झाली. पुढच्या बुधवारी त्यांनी ती दीड अंश आडवी केली. मध्येच एक शनिवार असा उजाडला, की विमान झाडांवरून रॉकेटसारखं गेलं. नेमकी त्या दिवशी बायको आलेली नव्हती. दोघी बहिणी कोणाच्या तरी बाळाला बघायला गेल्या होत्या. वर गेल्यावर इंजिन किंचाळत होतं, फेऱ्यांचा काटा लाल रेघेला टेकत होता, आणि खालून एक ट्रॅक्टर त्यांच्या बरोबरीने चालला आहे असं मास्तरांना वाटलं. उतरल्यावर मास्तर थेट घरी निघून गेले.

डॉक्टरांच्या मनात मास्तरांबद्दल एकदाही संशय आला नाही. हा त्यांचा चांगुलपणा नव्हता. मास्तर पाना हातात घेतात तो पाठ खाजवायला, अशी त्यांची पक्की समजूत होती. आपला साडू आपल्याइतकाच लबाड असेल हे मान्य करायचं, तर तो आपल्याइतकाच कामाचा आहे हेही मान्य करावं लागतं.

तेव्हा त्यांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. दात भरायचं सिमेंट घेऊन त्यांनी पात्यापासून हबपर्यंत केसाएवढी रेघ ओढली. पातं पांढरं, सिमेंट दाताच्या रंगाचं. माहीत नसलेल्याला दिसणं शक्य नव्हतं. पातं हललं तर रेघ तुटणार. शनिवारी रेघ तुटलेली होती. तपासणीच्या रिपोर्टात अखेर काहीतरी निघाल्यावर जुनाट पेशंटला जो आनंद होतो, तो डॉक्टरांना झाला. त्यांनी मास्तरांना हाताला धरून नेलं आणि भिंगातून रेघ दाखवली.

मास्तर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, “मलाही गेले काही दिवस हेच वाटतंय. सरकतंय.”

त्या क्षणी दोन साडू एकमेकांच्या जितके जवळ आले, तितके ते आपापल्या लग्नानंतर कधीच आले नव्हते. दोघांनी मिळून हबला शिव्या दिल्या, कंपनीला शिव्या दिल्या, हल्लीच्या धातूला शिव्या दिल्या. कोणत्या बाजूला सरकतंय, एवढं मात्र कोणीच कोणाला विचारलं नाही. ते विचारलं असतं तर आपण काय लावून ठेवलं होतं हे सांगावं लागलं असतं.

मग एक तज्ज्ञ बोलावला. तो काळा चष्मा लावून आला आणि हँगरमध्येही त्याने तो काढला नाही. त्याने पात्यावर टिचकी मारली, कान लावला, आणि निदान केलं, “व्हायब्रेशन.” दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून दिले, कारण आलोच आहे तर. इंजिन तसं चांगलं आहे, म्हणाला. प्रोपेलरही तसा चांगला आहे. पण दोघांचं एकमेकांशी पटत नाही. असं असतं काही ठिकाणी. डॉक्टर आणि मास्तरांनी एकाच वेळी मान डोलावली.

हब कंपनीकडे गेला. कंपनीने कळवलं, की हबमध्ये दोष नाही आणि आमचा हब आजवर कुठेही सरकलेला नाही. डॉक्टर म्हणाले, खोटं बोलणारा असंच बोलतो. भांडून नवा हब मिळवला. तो पहिल्याच आठवड्यात सरकला.

आता डॉक्टरांची चिडचिड दवाखान्यात पोचली. “तोंड उघडा” हे ते असं म्हणू लागले, की माणसं काहीतरी कबूल करायच्या बेताने तोंड उघडत. घरी बायकोने एकदा साधं विचारलं, की यंदा जमणार आहे का, की मी शनिवारचा दुसरा काही बेत करू. ती रागाने बोलली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता. दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरची चौकशी करताना असते तेवढीच आस्था होती. सहा वर्षं ज्या एका सीटसाठी घालवली, ती सीट हातातून चालली आहे हे त्यांना कळलं. त्या बुधवारी त्यांनी पाती इतकी आडवी केली, की त्यांचा त्यांनाच धीर होईना.

आणि शुक्रवारी मास्तरांचे विद्यार्थी लवकर सुटले.

शनिवारी सकाळी दोघी बहिणी थर्मास घेऊन धावपट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पूर्ण थ्रॉटल दिला. काटा वर चढायचा तो मध्येच बसला. विमान पळू लागलं, पण ओझं ओढणाऱ्या बैलासारखं. शहाण्या माणसाने तिथेच थ्रॉटल मागे घेतला असता, आणि डॉक्टरांना ते पुस्तकातल्या पानासकट माहीत होतं. पण कडेला बायको उभी होती. चाकं उशिरा सुटली. निलगिऱ्या नेहमी दिसत तशा वरून न दिसता समोरून दिसू लागल्या. त्यांची साल किती सोललेली आहे हे डॉक्टरांना पहिल्यांदाच कळलं.

“डॉक्टर,” मास्तर हळूच म्हणाले, “झाडं.”

“दिसतात.”

“नाही, म्हटलं, तुमचं लक्ष नसेल.”

मास्तरांनी डोळे मिटले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला. शाळेच्या गाडीत त्यांनी आजवर अनेकांना असंच वाचवलं होतं. खालून काहीतरी खरखरलं आणि झाडं मागे पडली. वर गेल्यावर विमान सुसाट निघालं, इतकं की वळसा घालून ते नेहमीपेक्षा लवकर उतरलं. त्याचं कौतुक करायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

डाव्या चाकात निलगिरीची डहाळी अडकली होती. डॉक्टरांच्या बायकोने ती ओढून काढली, वास घेतला आणि बहिणीच्या हातात दिली. डॉक्टर हबबद्दल बोलू लागले. नवा हबही जुन्यासारखाच निघाला, आता कंपनीला सोडायचं नाही, तज्ज्ञ म्हणत होता ते व्हायब्रेशन...

“अहो, पण हब कशाला सरकेल?” ती म्हणाली. “तुम्ही बुधवारी येऊन पाती आडवी करता. मास्तर शुक्रवारी येऊन उभी करतात.”

 मास्तर थर्मासचं झाकण फिरवू लागले. ते आधीच उघडं होतं.

“तुला कसं कळलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिने सांगितलं. मास्तर हिला सांगून येतात, पाती जरा उभी करून येतो म्हणून. तुम्ही सांगत नाही, पण बुधवारी तुमच्या शर्टाला ग्रीस असतं. आम्ही काय रोज फोनवर बोलत नाही?”

“मग इतके महिने बोलला का नाहीत?”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. धाकटी म्हणाली, “आम्हाला वाटलं, तुमची तशीच पद्धत असेल. एकाने आडवी करायची, दुसऱ्याने उभी करायची. त्यालाच ट्यूनिंग म्हणत असतील.”

 आता लपवायला काही उरलं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगून टाकलं, की त्यांना झाडांची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून. रात्री डोळे मिटले की ती रांग समोर येते.

मास्तरांनी झाकण बाजूला ठेवलं. “मला झाडांचं काही नाही,” ते म्हणाले. “मला वर गेल्यावर भीती वाटते. सगळाच वेळ. वेग असला की लवकर आटपतं.”

“मग आलात कशाला यात?”

“तुम्ही घेणार म्हणालात. मी नाही म्हणालो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता?”

काय म्हणालो असतो हे डॉक्टरांना बरोबर माहीत होतं.

त्याच दुपारी पाती कंपनीने सांगितलेल्या मधल्या कोनात बसवली. पाना मास्तरांनी धरला आणि कोनमापक थोरल्या बहिणीने, कारण त्या दोघांपैकी कोणाच्याही वाचनावर आता दुसऱ्याचा विश्वास नव्हता. मग दोघे उडाले. काटा जिथे यायला हवा तिथे आला, विमान झाडांवरून चांगलं उंचावरून गेलं, वर वेगही बरा मिळाला. दोघांच्याही मनात अर्ध्या अंशाची हळहळ राहिली, पण ती त्यांनी गिळली.

उतरल्यावर डॉक्टरांनी जांभळं कापड हाताने झटकलं, सुरकुत्या काढल्या, आणि दार उघडं धरून ते बायकोकडे वळले. हे वळणं त्यांनी गेली सहा वर्षं मनात घोळवलं होतं.

“मी बसते,” ती म्हणाली. “कबूलच केलं होतं. पण मास्तरांबरोबर.”

“मास्तरांबरोबर?”

“तुमची नजर सारखी झाडांवर असते. त्यांची उतरायच्या जागेवर असते.” मग त्यांचा चेहरा बघून ती जरा मऊपणाने म्हणाली, “मलाही लवकरच खाली यायचंय हो.”

मास्तरांनी नको नको म्हणून पाहिलं. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणाले, वारा फिरतोय म्हणाले, शेवटी आपल्याला भूक लागलीय असंही म्हणाले. ती तोवर सीटवर बसून पट्टा शोधत होती. डॉक्टरांनी तो तिला लावून दिला, दोनदा ओढून बघितला, आणि दार लावून बाजूला झाले.

विमान उडालं. डॉक्टर धावपट्टीच्या कडेला मेव्हणीशेजारी उभे राहून ओठ हलवत काटा किती असेल याचा अंदाज करत होते. झाडं बरीच खाली राहिली. विमानाने गावावरून एक वळसा घातला, मग कोणाला अपेक्षा नसताना दुसराही घातला, आणि ते उतरलं. मास्तर घामाने भिजले होते. ती स्वतःच दार उघडून खाली उतरली आणि म्हणाली, छान होतं, मास्तर काही घाबरत वगैरे नाहीत, उगीच सांगतात.

डॉक्टरांनी विचारलं, उडताना काटा कुठपर्यंत गेला होता.

तिने पाहिला नव्हता. मास्तरांनीही नाही.